'दर्जा' कोण ठरवतो? : न्यूयॉर्कच्या काळ्या स्त्री-कलावंतांचा लढा

१

माझ्या घराण्यात पदवीच्या कागदावर नाव छापून आले ते पहिल्यांदा माझे. त्यानंतर काही वर्षांनी एका महाविद्यालयातील इतिहासाच्या राखीव पदासाठी मी मुलाखतीला गेलो. आम्ही अकरा उमेदवार होतो. सगळे पदव्युत्तर, सगळे नेट किंवा सेट उत्तीर्ण, काही जण तर पीएच.डी. झालेले. महिन्याभराने कळले की एकाचीही निवड झालेली नाही. कारण एका ओळीचे होते : 'योग्य उमेदवार आढळला नाही.' कोण कशात कमी पडला हे त्या ओळीत नव्हते. 'योग्य' म्हणजे काय, आणि ते ठरवणाऱ्यांची योग्यता कोणी तपासली, हेही त्यात नव्हते.

पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली. ती व्यथा सांगण्यासाठी हा लेख नाही. परंतु ती ओळ माझ्या मनातून गेली नाही. प्रस्थापित व्यवस्था आपल्याला नाकारताना 'तुमची जात आम्हाला चालत नाही' असे आता क्वचितच म्हणते. ती गुणवत्तेची भाषा बोलते. नोकरीत तिला 'मेरिट' म्हणतात, साहित्यात 'कलात्मकता' म्हणतात, चित्र-शिल्पांच्या जगात 'दर्जा' म्हणतात. दलित साहित्याच्या आरंभकाळात 'अनुभव दाहक आहे हो, पण यात कला कुठे आहे?' हा प्रश्न ज्यांनी ऐकला, त्यांना या भाषेची ओळख करून देण्याची गरज नाही.

ही भाषा फोडावी कशी, याचा एक धडा मला अनपेक्षित ठिकाणी सापडला. तो सापडला १९६८ ते १९८७ या काळातल्या न्यूयॉर्क शहरात, तेथील कृष्णवर्णीय स्त्री-कलावंतांच्या लढ्यात. अमेरिकेतील काळ्यांचा संघर्ष आपल्याला परका नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. परंतु त्या संघर्षातून आपण कवी घेतले, नेते घेतले, मुठी उगारलेले तरुण घेतले. त्यातल्या चित्रे काढणाऱ्या बायका आपल्या वाचनात फारशा आल्या नाहीत. त्या का आल्या नाहीत, या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे.

२

न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट १९२९ साली सुरू झाले ते तीन स्त्रियांच्या पुढाकाराने. व्हिटनी म्युझियम १९३१ साली लोकांना खुले झाले ते गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी या शिल्पकार स्त्रीच्या पैशातून आणि ध्यासातून. म्हणजे घर बायकांनी बांधले. पण चाळीस वर्षांनी त्या घराच्या भिंतींवर बायका किती होत्या? व्हिटनीच्या १९६९ सालच्या वार्षिक प्रदर्शनात १४३ कलावंत होते. त्यांत स्त्रिया होत्या ८. शंभरात सहाही नाहीत.

काळ्या कलावंतांची गोष्ट याहून वेगळी नव्हती. १९६८ साली व्हिटनीने १९३० च्या दशकातील अमेरिकन चित्र-शिल्पांचे मोठे प्रदर्शन भरवले. त्या दशकात हार्लेममध्ये काळ्या कलावंतांची एक अख्खी पिढी काम करीत होती. प्रदर्शनात त्यांपैकी एकही नव्हता. त्या नोव्हेंबरात काळे कलावंत फलक घेऊन व्हिटनीच्या दारात उभे राहिले. हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियमने 'अदृश्य अमेरिकन' अशा अर्थाच्या नावाचे प्रतिप्रदर्शन भरवून उत्तर दिले. पुढच्याच जानेवारीत मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमवर भव्य प्रदर्शन मांडले. त्यात छायाचित्रे होती, मजकूर होता, पण हार्लेमच्या एकाही काळ्या चित्रकाराचे चित्र नव्हते की शिल्पकाराचे शिल्प नव्हते. अभ्यासाचा विषय म्हणून काळा माणूस चालतो, निर्माता म्हणून चालत नाही. आपल्या विद्यापीठांना हे सांगायला नको.

संग्रहालयांचे उत्तर एकच असे : आम्ही वर्ण पाहत नाही, लिंग पाहत नाही, फक्त दर्जा पाहतो. या उत्तराचा वैचारिक समाचार १९७१ साली लिंडा नॉकलिन या कला-इतिहासकार स्त्रीने घेतला. 'थोर स्त्री-कलावंत का झाल्या नाहीत?' हा प्रश्न पुरुष छद्मीपणे विचारीत. बिचाऱ्या बायका मग विस्मृतीतल्या एखाद-दुसऱ्या चित्रकर्तीचे नाव शोधून आणीत. नॉकलिन यांनी प्रश्नच उलटा केला. युरोपातील चित्रशाळांत शतकानुशतके स्त्रियांना नग्न मॉडेल समोर ठेवून मानवी देह रेखाटण्याची बंदी होती. आणि ज्या चित्रांना 'थोर' म्हणायचे, त्यांचा पाया नेमके तेच रेखाटन. प्रतिभा आकाशातून पडत नाही. तिला शाळा लागते, साधने लागतात, वेळ लागतो, पाठीवर हात लागतो. ज्याला पाटीला हात लावू दिला नाही, त्याला अक्षर वळणदार नाही म्हणून नापास करायचे, असा हा न्याय.

नॉकलिन यांचे विवेचन मोलाचे आहे. परंतु त्या लेखाच्या आधीच रस्त्यावर एक वेगळे हत्यार तयार झाले होते. ते अगदी साधे होते. ते म्हणजे मोजणे.

३

हे हत्यार ज्यांनी धीटपणे चालवले त्यांत फेथ रिंगोल्ड यांचे नाव आधी घेतले पाहिजे. जन्म हार्लेममध्ये, १९३० साली. आई विली पोझी शिवणकाम आणि वेशभूषा करणारी. सिटी कॉलेजात त्यांना चित्रकला शिकायची होती, परंतु त्या शाखेत मुलींना प्रवेश नव्हता. कला-शिक्षक होण्याचा अभ्यासक्रम तेवढा मुलींना खुला होता. त्या वाटेने त्या शिकल्या आणि १९५५ ते १९७३ अशी अठरा वर्षे सरकारी शाळांत मास्तरकी केली. या नियतकालिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. शाळा सुटल्यावर, पोरींचे जेवणखाण झाल्यावर रात्री चित्र काढणारी बाई त्यांना समजेल.

१९७० साली अमेरिकेतील काही कलावंतांनी व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनावर बहिष्कार टाकला. कारणे योग्य होती : व्हिएतनामचे युद्ध, वंशवाद, दडपशाही. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पर्यायी प्रदर्शन मांडायचे ठरवले. रिंगोल्ड आणि त्यांची अठरा वर्षांची मुलगी मिशेल वॉलेस यांनी त्या कलावंतांची यादी पाहिली. वंशवादाविरुद्धच्या त्या प्रदर्शनातही जवळपास सगळे गोरे पुरुषच होते. मायलेकींनी एक छोटी संघटना काढली आणि निम्म्या जागांची मागणी केली. आयोजकांना प्रदर्शन इतरांना खुले करावे लागले. पुरोगामी माणसाला त्याच्या स्वतःच्या यादीचा आरसा दाखवणे सर्वांत अवघड असते. त्या दोघींनी सुरुवात तिथूनच केली.

त्याच वर्षी व्हिटनीची पाळी आली. ल्यूसी लिपर्ड, पॉपी जॉन्सन, ब्रेंडा मिलर आणि रिंगोल्ड यांनी मिळून स्त्री-कलावंतांची समिती केली. मागणी अशी की येत्या वार्षिक प्रदर्शनात ५० टक्के स्त्रिया हव्यात. मागणीमागची कृती पाहण्यासारखी आहे. संग्रहालयाच्याच नावाने बनावट प्रसिद्धिपत्रक निघाले आणि त्यात ५० टक्क्यांची घोषणा झाली. जिन्यांत आणि कोपऱ्यांत अंडी ठेवलेली सापडू लागली. काही उकडलेली, काही कच्ची, आणि त्यांवर लिहिलेले '५० टक्के'. उद्घाटनाच्या दिवशी आत शिरलेल्या बायकांनी शिट्ट्या वाजवल्या, दालनातच फतकल मारली. बाहेर संग्रहालयाच्या भिंतीवर स्त्रियांच्या चित्रांच्या स्लाइड दाखवल्या. आत जागा देत नाही काय? मग तुमची बाहेरची भिंत आमची. आठवड्यामागून आठवडे निदर्शने चालू राहिली.

फळ काय मिळाले? स्त्रियांचे प्रमाण एका वर्षात सुमारे एक-पंचमांशावर गेले. आणि रिंगोल्ड यांचा आग्रह होता की 'स्त्रिया' म्हणजे फक्त गोऱ्या स्त्रिया नव्हेत. त्यांच्या आग्रहामुळे बेटी सार आणि बार्बरा चेस-रिबू यांची कामे लागली. व्हिटनीच्या त्या प्रदर्शनात पोचलेल्या या पहिल्या काळ्या स्त्रिया. एका वर्षात बायकांची प्रतिभा तिपटीने वाढली असे कोणी म्हणणार नाही. वाढला तो दबाव. 'दर्जा' नावाची गोष्ट निसर्गनियम असती, तर ती अंड्यांना आणि शिट्ट्यांना घाबरली नसती.

४

येथवरची कथा सोपी आहे. एका बाजूला प्रस्थापित, दुसऱ्या बाजूला आपण. पण या लढ्याचे खरे मोल मला पुढच्या भागात दिसते, कारण या बायकांनी मोजणी आपल्या घरातही केली.

काळ्या कलावंतांचा 'स्पायरल' नावाचा गट १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला होता. त्यात स्त्री एकच, एमा एमस. रिंगोल्ड यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिले, त्यांना घेतले गेले नाही. पुढे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये काळ्या कलावंतांसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचे स्वतंत्र दालन व्हावे म्हणून त्या टॉम लॉइड यांच्याबरोबर भांडल्या. दालन झाले नाही. १९७१ साली दोन काळ्या कलावंतांची एकल प्रदर्शने तेवढी झाली, आणि ते दोघेही पुरुष होते. लढताना बाई बरोबर, वाटप करताना पुरुष पुढे, हा अनुभव कोणाला नवीन आहे?

दुसरे घर स्त्रीमुक्तीचे. सप्टेंबर १९७२ मध्ये वीस स्त्रियांनी मिळून ए.आय.आर. नावाची सहकारी गॅलरी उघडली. स्त्री-कलावंतांनी स्वतः चालवलेली अमेरिकेतील ही पहिली सहकारी गॅलरी. काम ऐतिहासिकच. पण वीस जणींत काळी स्त्री एकच होती, हॉवर्डीना पिंडेल. येल विद्यापीठाच्या पदव्युत्तर पदवीधर, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६७ पासून नोकरीला. त्यांच्या लक्षात आले की वर्णद्वेषाचा विषय काढला की गोऱ्या भगिनी अस्वस्थ होतात. हा प्रश्न राजकीय आहे, स्त्रियांचा नाही, असा सूर लागतो. १९७५ साली त्या गॅलरीतून बाहेर पडल्या. १९८० साली त्यांनी बारा मिनिटांचा एक व्हिडिओ केला. त्यात त्या स्वतःच्या आयुष्यातले वर्णद्वेषाचे प्रसंग शांतपणे सांगतात. मधूनमधून त्याच सोनेरी केसांचा टोप घालून गोऱ्या बाईची भूमिका करतात. ती बाई ऐकून घेते आणि म्हणते की हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत, तू कृतघ्न आहेस. आपल्यापैकी किती जणांनी सहकाऱ्यांच्या तोंडून हेच ऐकले आहे!

त्याच वर्षी त्याच ए.आय.आर. गॅलरीत क्युबात जन्मलेल्या आना मेंडिएटा, जपानच्या काझुको मियामोतो आणि आपल्या अलीगढच्या झरीना हाश्मी या तिघींनी तिसऱ्या जगातील स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन मांडले. पिंडेल यांचा व्हिडिओ त्यात होता. मेंडिएटा यांनी प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले की अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळ ही मुळात गोऱ्या मध्यमवर्गाची चळवळ आहे. हे त्या चळवळीच्याच दालनात उभे राहून म्हणायला छाती लागते.

दोन्ही घरांत जागा नाही म्हटल्यावर काळ्या बायकांनी तिसरे घर बांधले. १९७१ साली के ब्राऊन, डिंडगा मॅककॅनन आणि रिंगोल्ड यांच्या पुढाकाराने ब्रुकलिनमधल्या मॅककॅनन यांच्या राहत्या घरी काही जणी जमल्या. त्यातून 'व्हेअर वुई ॲट' ही संघटना झाली. नावाचा भाव असा की आम्ही कुठे आहोत ते आम्हीच सांगू. निगेल जॅक्सन या काळ्या कलावंताच्या गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. तुरुंगात जाऊन त्यांनी कैद्यांना कला शिकवली. फक्त संग्रहालयात शिरणे एवढेच ध्येय असते तर हे करण्याची गरज नव्हती.

मोजणीचे हत्यार पुढे अनेकींनी उचलले. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या १९८४ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात दीडशेहून अधिक कलावंतांत स्त्रिया १३ होत्या. त्यानंतर १९८५ साली गोरिलाचे मुखवटे घालून 'गरिला गर्ल्स' रस्त्यावर आल्या आणि आकड्यांची भित्तिपत्रके लावू लागल्या. १९८७ साली पिंडेल यांनी एकटीने न्यूयॉर्कच्या संग्रहालयांची आणि गॅलऱ्यांची वर्णानुसार मोजणी करून ती जाहीर मांडली. कित्येक नामवंत गॅलऱ्यांच्या कलावंतांच्या यादीत शंभर टक्के गोरे होते. ते कमाल आकडे पुढे आल्यावर 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली.

५

परंतु मोजणीला एक मर्यादा आहे. 'कला' कशाला म्हणायचे हे जोवर तेच ठरवतात, तोवर आपण त्यांच्याच ताटात वाढून मागत राहतो. या बायकांनी तोही प्रश्न घेतला.

१९७२ साली रिंगोल्ड यांनी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये थांका पाहिले. तिबेट-नेपाळकडील बौद्धांची कापडी चित्रे, भोवती कापडाची किनार, गुंडाळून कुठेही नेता येणारी. त्यांनी लाकडी चौकट सोडली आणि कापड घेतले. किनार शिवायला आई होती. बुद्धाच्या भिक्षूंनी खांद्यावर टाकून नेलेली चित्रे पाहून हार्लेमच्या काळ्या स्त्रीला वाट सापडावी, ही गोष्ट आपल्याला विशेष वाटावी अशी आहे. १९८० साली मायलेकींनी मिळून पहिली गोधडी केली. पुढच्या वर्षी आई वारली. त्यानंतर रिंगोल्ड गोधडीवर चित्रे काढून त्यांच्याभोवती गोष्टी लिहू लागल्या. त्यांच्या खापरपणजीच्या पिढीने गुलामगिरीत मालकांसाठी गोधड्या शिवल्या होत्या. त्या कामाला कोणी कला म्हटले नव्हते.

माझी आई वाकळ शिवते. जुनी लुगडी, बापाची धोतरे, आमच्या शाळेचे फाटके सदरे. रंग कुठे कोणता लावायचा याचा ती बराच वेळ विचार करते. एकदा लावलेला तुकडा उसवून दुसरा लावताना मी तिला पाहिले आहे. उबेसाठी एवढे करण्याची गरज नसते. तरीही माझ्या हातून कधी 'आईची कला' असे शब्द निघाले नव्हते. ते रिंगोल्ड यांच्याविषयी वाचल्यावर निघाले. म्हणजे माझ्या डोक्यातही त्यांचाच 'दर्जा' बसला होता.

प्रेक्षक कोण, हाही प्रश्न त्यांनी विचारला. १९७१ साली अनुदान मिळाले तेव्हा रिंगोल्ड यांनी रायकर्स बेटावरच्या स्त्रियांच्या तुरुंगासाठी मोठे चित्र करायचे ठरवले. आधी तिथल्या स्त्रियांना विचारले, तुम्हाला काय पाहायला आवडेल? त्यातून जे चित्र झाले त्यात बाई बस चालवते, बाई डॉक्टर आहे, बाई देशाची अध्यक्ष आहे. १९८८ साली त्या इमारतीत पुरुष कैदी आले आणि चित्रावर पांढरा रंग फासला गेला. सुदैवाने ते वाचले. २०२२ साली ते ब्रुकलिन म्युझियमकडे देण्याचे ठरले.

बेटी सार यांचे १९७२ सालचे एक काम असेच. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात शोभेला ठेवायची काळ्या मोलकरणीची एक बाहुली त्यांनी घेतली. एका हातात झाडू होताच, दुसऱ्या हातात त्यांनी बंदूक दिली. झाडू काढून घेतला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. राबणाऱ्या बाईची लाज न बाळगता तिला लढणारी केले.

६

रिंगोल्ड यांनी १९६७ साली काढलेले दंगलीचे विशाल चित्र म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ साली विकत घेतले आणि २०१९ साली पिकासोच्या जगप्रसिद्ध चित्राशेजारी लावले. चित्र तेच, रंग तेच. पन्नास वर्षांत चित्राचा दर्जा वाढला नाही, पाहणाऱ्यांना पाहायला भाग पाडले गेले. रिंगोल्ड २०२४ साली त्र्याण्णवाव्या वर्षी वारल्या.

यातून आपण काय घ्यायचे? बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात, हार्लेमच्या शेजारीच शिकत होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी मांडले की केवळ मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, माणसांचे प्रतिनिधित्व हवे. तुमच्या बाजूने कोणी बोलतो एवढ्याने भागत नाही, तुम्ही स्वतः तिथे असले पाहिजे. व्हिटनीच्या दारातल्या बायका हीच मागणी करीत होत्या. आपल्याकडे १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध केला. त्या शीर्षकातला 'ही' कोणाला उद्देशून आहे? तो केवळ सवर्णांना उद्देशून नाही. तो आपल्यालाही आहे.

आता माझी कबुली. दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात आंबेडकरी साहित्यावर परिसंवाद ठरला. वक्त्यांची यादी मी केली. यादी फलकावर लागल्यावर द्वितीय वर्षातल्या एका विद्यार्थिनीने येऊन विचारले, "सर, बारा जणांत बाई एकच कशी?" मी चटकन उत्तर दिले, "अगं, योग्य वक्त्या मिळाल्या नाहीत." ती काही बोलली नाही, मान हलवून गेली. संध्याकाळी घरी जाताना माझेच वाक्य मला ऐकू आले. मुलाखतीनंतर मला मिळालेली ओळ मी शब्द बदलून तिच्या हातात ठेवली होती. मी शोध घेतलाच नव्हता. मला ठाऊक होते तेवढीच नावे मी लिहिली होती, आणि मला पुरुषच ठाऊक होते. रिंगोल्ड, पिंडेल, के ब्राऊन आपल्या वाचनात का आल्या नाहीत, याचे उत्तरही तेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी ती यादी मागे घेतली आणि त्या मुलीला बरोबर बसवून नवी केली. आठवडा लागला. यादीत पाच स्त्रिया आल्या, आणि त्यांतल्या कोणालाही 'जागा भरायची' म्हणून घ्यावे लागले नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच. प्रस्थापितांच्या संमेलनांची, अकादम्यांची, निवड समित्यांची मोजणी आपण करतोच, ती चालू ठेवावी. परंतु आपल्या घरातल्या कपाटात आपल्याच नियतकालिकांचे जुने अंक बांधून ठेवलेले असतील. ते काढावेत, अनुक्रमणिका उघडावी, पेन्सिल घ्यावी आणि मोजावे. कविता किती जणींच्या, वैचारिक लेख किती जणींचे, मुखपृष्ठावरचे चित्र कोणाचे. आकडा समोर आल्यावर 'योग्य लेखिका मिळाल्या नाहीत' हे वाक्य ओठांवर येईल. ते आले की आपण कोणत्या बाजूच्या टेबलाशी बसलो आहोत, हे ज्याचे त्याने पाहावे.